बुधवारी चर्चमध्ये जाऊ का?

पत्र

ताई, मी मूळची चिपळूणची. सात वर्षं झाली, अमेरिकेत अलाबामा राज्यात राहते आणि नदीतल्या शिंपल्यांवर संशोधन करते. आमच्या गावाबाहेर एक बॅप्टिस्ट चर्च आहे. त्याच्या मागून एक ओढा वाहतो. परवा तिथले पास्टर स्वतःहून विद्यापीठात आले. म्हणाले, ‘काठ ढासळतोय, पाणी गढूळ झालंय, लहानपणी आम्ही यात पोहायचो. आमची माणसं झाडं लावायला, कुंपण घालायला तयार आहेत. कुठं काय करायचं तेवढं सांगा.’ येत्या बुधवारी संध्याकाळी त्यांच्याकडे सगळ्यांचं एकत्र जेवण असतं, त्यानंतर मी अर्धा तास बोलावं असं त्यांना वाटतं. शिवाय विज्ञान आणि श्रद्धा सृष्टीसाठी एकत्र आली आहेत, असं निवेदन दोघांच्या सहीनं इथल्या वर्तमानपत्रात द्यावं अशीही त्यांची इच्छा आहे.

माझा एक ज्येष्ठ सहकारी म्हणतो, ‘ही माणसं मुलांना पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे असं शिकवतात. तू गेलीस की त्यांना विज्ञानाचा शिक्का मिळेल.’ फोनवर आई म्हणते, ‘बाई गं, त्यांच्यात जाऊ नकोस, नादी लावतील.’ आणि मला वाटतंय, तो ओढा सुधारायची संधी पुन्हा येणार नाही. तिथं प्रार्थना झाली तर मी काय करू? पृथ्वीचं वय विचारलं तर? जाऊ का मी?

उत्तर

तू ताई म्हटलंस, म्हणून एकेरीतच लिहिते. जा. बुधवारी नक्की जा. निवेदनावर मात्र इतक्यात सही करू नकोस. असं का म्हणते ते नीट सांगायला हवं, कारण तू ज्या पेचात सापडली आहेस त्यातून तुझ्याआधी बरीच नामवंत माणसं गेली आहेत, आणि त्यांचं पुढे काय झालं हे तुला ठाऊक असलेलं बरं.

आधी इथल्या वाचकांसाठी थोडंसं. आपल्याकडे ख्रिस्ती म्हटलं की वसईतल्या किंवा गोव्यातल्या कॅथलिकांचं चित्र डोळ्यांसमोर येतं. तुझ्या पास्टरांसारखे बरेचसे बॅप्टिस्ट इव्हँजेलिकल असतात. हे इव्हँजेलिकल प्रॉटेस्टंटांमधले, म्हणजे कॅथलिकांपासून वेगळ्या झालेल्या ख्रिस्त्यांमधले. बायबल हा अखेरचा शब्द, येशूवर प्रत्येकानं स्वतः विश्वास ठेवायचा, आणि ती सुवार्ता दुसऱ्याला सांगायची, हे त्यांचं मूळ धरून ठेवलेलं. अमेरिकेत त्यांची संख्या कोट्यवधी आहे आणि राजकारणात वजनही मोठं. त्यातले बरेच जण पर्यावरणवादी म्हटलं की अंग चोरतात, कारण त्या शब्दाला एका राजकीय पक्षाचा रंग लागलेला आहे असं त्यांना वाटतं. म्हणून त्यांच्यातले जे हे काम करतात ते ‘सृष्टीची काळजी’ असा शब्द वापरतात. तुझ्या पास्टरांनीही तुझ्याशी बोलताना हवामानबदल हा शब्द काढला नसेल, ओढ्याबद्दलच बोलले असतील. त्यात काही लपवाछपवी आहे असं समजू नकोस. त्यांची ती भाषा आहे.

आता त्या नामवंतांबद्दल. 2006 च्या अखेरीस, तुझ्या शेजारच्या जॉर्जिया राज्यात थॉमसव्हिल नावाच्या गावी, काही शास्त्रज्ञ आणि काही इव्हँजेलिकल पुढारी दोन-तीन दिवस एकत्र राहिले. बोलावणारे दोघे होते. एक एरिक चिव्हियन, हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉक्टर. अणुयुद्धाविरुद्ध डॉक्टरांची जी आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली तिच्या संस्थापकांपैकी ते एक. त्या संघटनेला 1985 चं शांततेचं नोबेल मिळालं. दुसरे रिचर्ड सिझिक, नॅशनल असोसिएशन ऑफ इव्हँजेलिकल्स या मोठ्या संघटनेचे वॉशिंग्टनमधले प्रतिनिधी. सिझिक यांना हा विषय पटवला तो सर जॉन हॉटन यांनी, 2002 साली ऑक्सफर्डच्या एका परिषदेत. हॉटन हे वेल्सचे हवामानशास्त्रज्ञ, आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या विज्ञान गटाचे सहअध्यक्ष राहिलेले, आणि स्वतः इव्हँजेलिकल. सिझिक नंतर सांगत की त्या दिवशी आपलं दुसऱ्यांदा मनपरिवर्तन झालं. इव्हँजेलिकल माणसाच्या तोंडी मनपरिवर्तन हा शब्द किती जड असतो, ते तुला तिथं राहून कळलं असेल.

17 जानेवारी 2007 ला वॉशिंग्टनमध्ये पत्रकार परिषद झाली. 28 जणांच्या सह्यांचं निवेदन निघालं आणि राष्ट्राध्यक्ष बुश यांच्यापर्यंत पाठवलं गेलं. पृथ्वीची सुरुवात कशी झाली यावर आमचं जमणार नाही, पण ती टिकवायची याबद्दल आमच्यात वाद नाही, असा त्याचा गाभा. त्या मंडळींमध्ये तुझ्याच राज्यात जन्मलेले एडवर्ड विल्सन होते, मुंग्यांचे मोठे अभ्यासक. हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन होते. ऑगस्टमध्ये त्यांच्यातले काही जण अलास्कालाही जाऊन आले. तिथं शिश्मारेफ नावाचं आदिवासी गाव समुद्रातल्या एका चिंचोळ्या बेटावर आहे. किनाऱ्याला बर्फाचं जे कवच असायचं ते उशिरा धरायला लागलं, म्हणून शरदातल्या वादळांच्या लाटा थेट जमिनीवर आदळतात आणि घरांखालची माती वाहून जाते. शास्त्रज्ञ आणि पास्टर तिथं एकाच काठावर उभे राहिले. माझ्या मते त्या सगळ्या खटाटोपातलं मोलाचं काम हेच.

कारण कागदाचं पुढे काय झालं ते बघ. सह्यांची शाई वाळायच्या आत, मार्च 2007 मध्ये, जेम्स डॉब्सन आणि आणखी काही वजनदार इव्हँजेलिकल पुढाऱ्यांनी सिझिक यांच्या संघटनेला पत्र लिहिलं: हवामानाच्या मागे लागून हा माणूस महत्त्वाच्या प्रश्नांवरून लक्ष उडवतो आहे, याला आवरा, नाहीतर राजीनामा घ्या. संघटना तेव्हा सिझिक यांच्या पाठीशी उभी राहिली. पण डिसेंबर 2008 मध्ये एका रेडिओ मुलाखतीत समलिंगी जोडप्यांच्या नागरी नात्याबद्दल ते दोन वाक्यं बोलले आणि त्यांना पद सोडावं लागलं. पर्यावरणाशी त्याचा काही संबंध नव्हता. तरीही एवढ्या कष्टानं बांधलेल्या सेतूचा मुख्य खांब त्या दिवशी गेला. सेतू एका माणसाच्या खुर्चीवर टेकला होता, हे तेव्हा दिसलं.

निवेदन फुकट गेलं असं मी म्हणत नाही. तोपर्यंत दोन्हीकडची माणसं एकमेकांना फक्त टीव्हीवर भांडताना बघत होती, आणि आपल्या पास्टरनं सही केली हे बघून कितीतरी साध्या माणसांना या विषयावर बोलायला धीर आला असेल. पण तुझ्या गावात आधी सही झाली तर काय होईल? ज्यांना तो ओढा माहीतही नाही अशी माणसं त्या कागदावर तुटून पडतील. पास्टरांना त्यांच्या मंडळीतला कुणीतरी जाब विचारेल, तुला तुझा सहकारी विचारेल, आणि काठ ढासळतच राहील. कुंपण घाला, झाडं लावा, दोन पावसाळे जाऊ देत. मग वर्तमानपत्रात काय लिहायचं ते ओढाच सांगेल.

याच्या उलट एक उदाहरण मला फार आवडतं. 1983 साली पीटर हॅरिस नावाचे एक इंग्लिश धर्मगुरू, पक्ष्यांचं प्रचंड वेड असलेले, बायकोमुलांसह पोर्तुगालच्या दक्षिणेला जाऊन राहिले. तिथं अल्व्होर नावाची खाडी आहे. खाडीकाठी त्यांनी पक्षीनिरीक्षणाचं केंद्र काढलं, पक्ष्यांच्या पायात कड्या घालून नोंदी ठेवायला सुरुवात केली. संस्थेचं नाव ‘अ रोशा’, म्हणजे पोर्तुगीजमध्ये खडक. त्यांनी जाहीरनामे काढले नाहीत असं नाही, पण आधी पक्षी मोजले. तिथं कोणत्याही धर्माचे, बिनधर्माचे विद्यार्थी येऊन राहत, पहाटे जाळी लावत, एकत्र जेवत. आज ती संस्था बऱ्याच देशांत आहे. आपल्याकडे बंगळुरूजवळ बन्नेरघट्टाच्या जंगलाकाठी हत्ती आणि शेतकरी यांच्यातल्या झगड्यावरही तिनं काम केलं आहे.

केनियातलं त्यांचं काम तर तू मुद्दाम वाच. किनाऱ्यालगत अराबुको-सोकोके नावाचं जंगल आहे. तिथं एक वीतभर उंचीचं घुबड राहतं, सोकोके स्कॉप्स आउल. जंगलाभोवतीच्या गावांत गरिबी आहे, आणि मुलांच्या माध्यमिक शाळेची फी भरायची वेळ आली की झाड तोडून विकायचं, हा साधा हिशेब. ‘अ रोशा’नं तो हिशेबच उलटा केला. मिडा खाडीत तिवरांमधून लाकडी पायवाट बांधली, ती बघायला येणाऱ्या पर्यटकांच्या पैशातून जंगलाकाठच्या मुलांना शिष्यवृत्त्या सुरू केल्या. शाळेची फी जंगल उभं असण्यावर आली. जोडीला शेतकऱ्यांना नांगरट न करता, पालापाचोळ्याचं आच्छादन घालून शेती करायला शिकवतात. आपल्याकडे विनानांगरणी शेतीवाले जे करतात तेच ते, फक्त तिथं त्याला ‘देवाच्या रीतीची शेती’ म्हणतात. मातीतल्या ओलाव्याला नावाशी देणंघेणं नाही.

आता तुझ्या सहकाऱ्याकडे येते. त्याला उडवून लावू नकोस. त्याची भीती खरी आहे. अमेरिकेत शाळांमधून उत्क्रांती शिकवायची की नाही यावर कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत, शास्त्रज्ञांची नावं भलत्याच कामाला वापरली गेली आहेत. म्हणून दोन अटी पास्टरांना पहिल्याच भेटीत, हसतमुखानं पण स्पष्ट सांग. माझ्या नावानं जे छापाल ते आधी मला दाखवा. आणि ओढ्यातली मोजणी जशी येईल तशीच सांगितली जाईल, आकडा वाढला तरी आणि घटला तरी. सरळ माणूस असेल तर दोन्ही चटकन मान्य करेल. अढी दिसली तर तिथंच थांब.

पृथ्वीच्या वयाबद्दल कुणी विचारलंच तर खरं सांग. साडेचारशे कोटींहून जास्त वर्षं. त्यांना बरं वाटावं म्हणून एक वर्षही कमी करू नकोस, आणि ‘देवानं घडवलं’ हे शब्द तुझे नसतील तर तोंडी घेऊ नकोस. विल्सन यांनी हेच केलं. ते लहानपणी बॅप्टिस्ट म्हणूनच वाढले होते, बाप्तिस्मा झालेला होता, पुढे श्रद्धा सुटली. 2006 मध्ये त्यांनी एक अख्खं पुस्तक एका सदर्न बॅप्टिस्ट पास्टरला लिहिलेल्या पत्राच्या रूपात लिहिलं, आणि सुरुवातीलाच सांगून टाकलं की मी धर्म मानणारा नाही, तुम्ही मानता, तरीही मला तुमची मदत हवी आहे. मदत मागताना आपण कोण आहोत हे त्यांनी लपवलं नाही, म्हणूनच समोरच्यांना त्यांच्याशी बोलावंसं वाटलं.

पण खरं सांगू का, तुला पृथ्वीच्या वयापर्यंत जायची गरजच पडणार नाही. तुझ्या हातात शिंपला आहे. त्याच्या वयाबद्दल बोल. त्याच्या कवचावर झाडाच्या खोडासारखी वर्षावर्षाची वलयं असतात, काही जाती कितीतरी दशकं जगतात. समोर बसलेल्या आजोबांना सांग, तुम्ही या ओढ्यात पोहत होता तेव्हा पायाखाली असलेला एखादा शिंपला अजून तिथं असू शकेल. आणि ती मादीची गोष्ट सांगायला विसरू नकोस. मलाही पहिल्यांदा वाचली तेव्हा खरी वाटली नव्हती. काही जातींची मादी आपल्या अंगाची कड कवचाबाहेर काढते. ती कड हुबेहूब लहान माशासारखी दिसते, डोळा, शेपूट, सगळं. ती तिला पाण्यात फडफडवत ठेवते. मोठा मासा भक्ष्य समजून झडप घालतो आणि त्याच्या तोंडात तिची बारीक पिल्लं सुटतात, कल्ल्यांना चिकटतात, काही आठवडे तिथं वाढतात आणि मग दूर कुठंतरी तळाशी गळून पडतात. शिंपल्याला स्वतःला डोळे नाहीत. ज्या माशाची नक्कल करते तो तिनं कधी बघितलेला नाही. यात कुणाला देवाचा हात दिसेल, तुला लाखो वर्षांची निवड दिसेल. पण पाणी गढूळ असलं तर मोठ्या माशाला ती फडफडणारी कड दिसणारच नाही, हे दोघांनाही सारखंच दिसेल. तिथून मातीकडे ये, ढासळलेल्या काठाकडे ये, पाण्यात उतरणाऱ्या गुरांकडे ये.

गुरांकडे मात्र जपून ये. त्या खोलीत गुरं पाळणारे बसलेले असतील. टेक्सासच्या कॅथरिन हेहो या हवामानशास्त्रज्ञ आहेत, स्वतः इव्हँजेलिकल, त्यांचा नवरा पास्टर आहे. लग्नानंतर त्यांच्या लक्षात आलं की नवऱ्यालाच हवामानबदल पटत नाही. त्यांनी घरातच, बराच काळ, आकडेवारी समोर ठेवून त्यांच्याशी चर्चा केली. त्या बाईंना धमक्यांची, शिव्यांची पत्रं येतात, तरी त्या बोलायच्या थांबलेल्या नाहीत. त्यांचा एक प्रसंग तुझ्या उपयोगाचा आहे. पश्चिम टेक्सासमधल्या एका रोटरी क्लबात त्यांना बोलायचं होतं. आत शिरताना रोटरीच्या फलकावर चार वाक्यं दिसली: हे सत्य आहे का, सगळ्यांना न्याय्य आहे का, यानं सद्भाव वाढेल का, सगळ्यांच्या हिताचं आहे का. बाकीचे जेवत होते तेवढ्या वेळात त्यांनी आपलं भाषण त्या चार प्रश्नांभोवती नव्यानं लावलं. भाषणानंतर एक बँकवाले गृहस्थ जवळ येऊन म्हणाले की या विषयावर माझा विश्वास नव्हता, पण हे चारही कसोट्यांवर उतरलं. हेहोंनी विज्ञान जराही बदललं नव्हतं. ऐकणारा ज्या दारातून येतो ते दार त्यांनी उघडलं होतं.

तुझ्यासाठी ते दार एका शब्दात आहे, आणि तो मराठी आहे. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणसाला पृथ्वी सत्तेखाली आणायला सांगितलं आहे. या एका ओळीवरून ख्रिस्ती धर्मावर बरीच टीका झाली. लिन व्हाइट या इतिहासकारानं 1967 मध्ये केलेली प्रसिद्धच आहे. पण पुढच्याच अध्यायात देव माणसाला एदेन बागेत ठेवतो ते कशासाठी, तर मराठी बायबल म्हणतं, तिची ‘मशागत व राखण’ करण्यासाठी. राखण! तुला माळा आठवत असेल. पीक भरात आलं की चार बांबूंवर मचाण बांधून, गोफण घेऊन, पाखरांपासून ते सांभाळणारा राखणदार. कणीस त्याचं एकट्याचं नसतं, पण डोळा त्याला लागून चालत नाही. त्या सभेत हा माळा त्यांना वर्णन करून सांग. त्यांनी ती ओळ शेकडो वेळा वाचली असेल, पण तुझ्या भाषेतून ऐकली नसेल.

आणखी एक गोष्ट त्यांना आवर्जून सांग, कारण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसते. ज्या कायद्यामुळे तुझे शिंपले सुरक्षित आहेत, तो 1973 चा संकटग्रस्त जातींचा कायदा 1990 च्या दशकाच्या मध्यात तिथल्या संसदेत पातळ करायचा घाट घातला गेला होता. तेव्हा तो वाचवायला पुढे आलेल्यांमध्ये इव्हँजेलिकल होते. विस्कॉन्सिनचे कॅल्व्हिन डीविट, पाणथळ जागांचे अभ्यासक आणि श्रद्धाळू ख्रिस्ती, त्यांच्यात होते. हा कायदा म्हणजे आमच्या काळातलं नोहाचं तारू, बायबलमधल्या महापुरात प्राण्यांना वाचवणारी ती नाव आहे, असं ते 1996 मध्ये सांगत फिरले. म्हणजे तुझे पास्टर काही नवं करत नाहीत. त्यांच्याच घराण्यातली रीत आहे ही.

कामाचं थोडक्यात. संरक्षित जातींना परवान्याशिवाय हात लावता येत नाही हे पहिल्या दिवशी सगळ्यांना सांग, नाहीतर उत्साही पोरं बादली भरून आणतील. गुरांना ओढ्यापासून तोडायचं तर त्यांना पाणी दुसरीकडे मिळालं पाहिजे, नाहीतर कुंपणाचा भुर्दंड एकट्या शेतकऱ्यावर पडतो आणि दुसऱ्या वर्षी तार कापलेली दिसते. तिथल्या कृषी खात्याची नॅचरल रिसोर्सेस कॉन्झर्व्हेशन सर्व्हिस अशा कुंपणाच्या आणि पाण्याच्या हौदाच्या खर्चात वाटा उचलते. अर्ज भरायला शेतकऱ्याला मदत कर. विलोच्या ओल्या काठ्या थंडीत काठात खोचल्या की धरतात. चर्चमध्ये पंचवीस-तीस माणसं आणि एक ट्रॅक्टर एका शनिवारी सहज उभे राहतात. तुझ्या विभागाला तेवढ्यासाठी दोन वर्षं अनुदानाचे अर्ज करावे लागतील.

आता प्रार्थना. मी कोकणातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. एका गावच्या देवराईची कड रस्त्याच्या रुंदीकरणात जाणार होती. आम्ही मुलांना घेऊन तिथल्या झाडांची यादी करायला गेलो. गावकरी म्हणाले, आधी गाऱ्हाणं, मग यादी. चपला बाहेर काढल्या. गुरवानं नारळ ठेवला, गाऱ्हाणं सुरू केलं, आणि प्रत्येक वाक्याला सगळा गाव ‘व्हय महाराजा’ म्हणत होता. मी हात जोडून गप्प उभी होते. माझा विश्वास आहे का हे मला कुणी विचारलं नाही. मी उभी राहिले एवढं त्यांना पुरलं. नंतर तेच लोक दोन दिवस आमच्याबरोबर रान तुडवत फिरले, आम्हाला ठाऊक नसलेल्या वेलींची नावं सांगत. कचेरीत आमची यादी आणि त्यांचा ठराव एकत्र गेला, आणि आखणी बदलली. एकटी यादी गेली असती तर कुणी उघडूनही बघितली नसती, असं मला आजही वाटतं. तूही तशीच उभी राहा. डोळे मिटायचे की नाही हा तुझा प्रश्न. शेवटी ‘आमेन’ म्हटलं नाहीस तर कुणी रागावणार नाही.

राहिली आई. तिची काळजी खोटी ठरवू नकोस. ती माणसं तुला रविवारच्या उपासनेला बोलावतील, बहुधा एकदा तरी. सुवार्ता सांगणं हा त्यांच्या धर्माचाच भाग आहे. बोलावलं तर एकदाच, गोड पण स्पष्ट सांग: मी माझ्या घरच्या देवांत आहे, ओढ्यावर मात्र दर शनिवारी येईन. टाळाटाळ केलीस तर ती बिचारी आशेवर राहतील, ते बरं नाही.

आणि आईला एक झाड आठवायला सांग. तुमच्या चिपळूणच्या डोंगरात कुंभा आहेच. जाड, खरबरीत सालीचा, थंडीत पानं लाल होणारा. त्याची फुलं रात्री उमलतात, गुलाबी-पांढऱ्या केसरांचे मोठे झुबके, आणि सकाळी झाडाखाली सडा पडलेला असतो. लहानपणी मी ते फूल तळहातावर घ्यायची, तर केसर नुसते हातभर पसरायचे. या कुंभ्याचं शास्त्रीय नाव कॅरेया आर्बोरिया. कॅरेया म्हणजे विल्यम कॅरी. हा इंग्लंडात जोडे शिवणारा बॅप्टिस्ट, 1793 मध्ये धर्मप्रसारासाठी बंगालात आला आणि कलकत्त्याजवळच्या श्रीरामपुरात राहिला. आपलं अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातलं नव्हे, ते बंगालातलं. त्यानं 1805 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, 1810 मध्ये मराठी शब्दकोश. झाडांचं त्याला एवढं वेड की स्वतःची मोठी बाग केली, 1820 मध्ये शेती आणि बागकामासाठी सोसायटी काढली, आणि विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाचा भारतीय वनस्पतींवरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर छापून काढला. त्याच रॉक्सबर्गनं कुंभ्याच्या प्रजातीला कॅरीचं नाव दिलं होतं. कॅरी धर्मांतर करायलाच आला होता, ते काही झाकायचं कारण नाही. पण आईच्या दारामागच्या डोंगरातलं झाड दोनशे वर्षं एका बॅप्टिस्टाचं नाव वागवतं आहे आणि कुंभा अजून कुंभाच आहे, एवढं तिला सांग. ती हसेल, आणि मग हळूच विचारेल, बुधवारी जेवायला काय असतं गं त्यांच्याकडे?

जाताना विद्यापीठाच्या संग्रहातला एक रिकामा शिंपला घेऊन जा, परवानगीचा. आधी मुलांच्या हातात दे, बोलायला नंतर उभी राहा. आणि तुझ्या दोन वर्षांच्या मोजणीनंतर त्या ओढ्यात किती जाती निघाल्या ते मला लिहून कळव. मी वाट बघते आहे.